एका विहिरीच्या बदल्यात दत्तक गेलेला मुलगा ते गांधीजींचा पाचवा पुत्र : जमनालाल बजाज यांना आयुष्यभर छळणारा प्रश्न

बजाज म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती स्कूटर. नंतर मोटारसायकल, मग हप्त्यावर फ्रीज देणारी फायनान्स कंपनी. पण या घराण्याचा मूळपुरुष स्कूटरवर कधी बसलाच नाही. बजाज ऑटोची सुरुवात १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने झाली, आणि जमनालाल बजाज त्याच्या तीन वर्षं आधीच वारले होते.

त्या कंपनीच्या नावातले बच्छराज कोण, इथूनच ही गोष्ट सुरू होते.

वर्ध्याला शेठ बच्छराज बजाज नावाचे मारवाडी सावकार होते. घर पैशाने भरलेलं, पण वंश पुढे चालवायला कुणी उरलेलं नव्हतं. दत्तक घेतलेला मुलगा रामधन तरुणपणीच वारला. नवरा-बायको राजस्थानात सीकरकडे आपल्या मुलखात गेलेले असताना काशी का बास नावाच्या छोट्या गावात त्यांना एक चार-पाच वर्षांचा मुलगा दिसला. वडिलांचं नाव कनीराम, आईचं बिरदीबाई. घरची परिस्थिती साधारण. बच्छराजांच्या पत्नी सदीबाईंना मुलगा आवडला आणि त्यांनी तो मागितला. आईवडिलांनी मुलाच्या बदल्यात पैसे घ्यायला नकार दिला. तेव्हा बच्छराजांनी त्या गावात सगळ्यांसाठी एक विहीर खोदून दिली. राजस्थानातलं पाणी नसलेलं गाव म्हटल्यावर विहिरीची किंमत काय असेल, याची कल्पना करता येते.

तो मुलगा म्हणजे जमनालाल. जन्म ४ नोव्हेंबर १८८९. वर्ध्याला आल्यावर तो बच्छराजांचा नातू झाला. मराठी शाळेत चार इयत्ता शिकला, दुकानात बसून हिशेब शिकला, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मिसरूड फुटायच्या आत त्याचं जानकीदेवींशी लग्नही लावून देण्यात आलं. पुढे त्याने काय करायचं हे ठरलेलं होतं. दुकान, जमिनी, देवाणघेवाण.

पण मुलगा जरा वेगळा निघाला. हातखर्चाला मिळणारे पैसे तो साठवायचा. नागपूरहून हिंदी केसरी निघणार असं कळल्यावर त्या साठवलेल्या पैशांतून त्याने १०० रुपये पाठवले. पुढे लाखांनी देणग्या दिल्या, तरी या पहिल्या शंभराचा आनंद पुन्हा मिळाला नाही, असं ते नंतर सांगायचे.

मग आलं १९०७ साल. कुठल्यातरी लग्नाला जायचं होतं. बच्छराजांची इच्छा होती की नातवाने हिऱ्यामोत्यांचे दागिने घालावेत. शेठचा नातू शेठसारखा दिसला पाहिजे. जमनालालने नाही म्हटलं. म्हातारा भडकला आणि रागाच्या भरात बोलून गेला. ही सगळी ऐट कुणाच्या पैशावर चाललीय, अशा अर्थाचं काहीतरी. दत्तक पोराला सगळ्यात जास्त जे टोचेल, तेच.

जमनालाल घरातून निघून गेला. जाताना त्याने एक चिठ्ठी मागे ठेवली, आणि तीही स्टॅम्प पेपरवर. मजकूर शांत होता. तुमच्या इस्टेटीवर माझा हक्क नाही, मी कोर्टकचेरी करणार नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नेत नाही. तुमचं धन तुम्ही दानधर्मात खर्च करा. वर आभारही मानले होते, की तुम्ही मला या मोहातून सोडवलंत. वय वर्षं १७.

रागाने घर सोडणारी मुलं पुष्कळ असतात. पण सतराव्या वर्षी राग आलेला असताना स्टॅम्प पेपर आणून हक्कसोड लिहून देणारा मुलगा विरळा. त्याच्यातला सावकारी शिस्तीचा हिशेबी माणूस आणि पैशाचा उबग आलेला माणूस, दोघेही त्या एका कागदावर दिसतात. हे दोघे त्याच्यात शेवटपर्यंत एकत्र नांदले, आणि भांडलेही.

बच्छराजांचा राग ओसरला, माणसं पाठवून त्यांनी नातवाला समजावून परत आणलं. थोड्याच काळात ते वारले, आणि जी इस्टेट लेखी सोडून दिली होती तीच जमनालाल यांच्या पदरात पडली.

आता काय करायचं? कायद्याने मालक तेच होते. पण आपण तर हक्क सोडला होता. त्यांचे चरित्रकार सांगतात की जमनालाल यांनी वारशाने आलेली रक्कम आपली मानायचीच नाही असं ठरवलं आणि पुढच्या वर्षांत तिच्याहून किती तरी जास्त पैसा व्याजासकट सार्वजनिक कामांना दिला. म्हणजे आजोबांकडून घेतलेलं कर्ज समाजाला फेडावं, तसं. धन स्वतःच्या तिजोरीत आहे, पण ते आपलं नाही, ही कल्पना त्यांच्या डोक्यात गांधीजी भेटायच्या आधीपासून होती. गांधीजींनी तिला विश्वस्त हा शब्द दिला.

बाप शोधणारा माणूस

तरुण जमनालाल यांना सरकारने आधी ऑनररी मॅजिस्ट्रेट केलं, मग रायबहादूर. पण त्यांना हवा होता एक माणूस, ज्याच्या बोलण्यात आणि वागण्यात फरक नाही. त्यासाठी ते पुष्कळ नामवंतांना भेटले. १९१५ साली गांधीजी आफ्रिकेहून परतले. जमनालाल त्यांच्या आश्रमात जाऊन राहू लागले, ते कसे जेवतात, कसे झोपतात, कसा खर्च करतात ते बघू लागले. व्यापारी माल पारखून घेतो, तसं त्यांनी गांधींना पारखून घेतलं.

१९२० च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपूरला भरलं. स्वागताध्यक्ष होते ३१ वर्षांचे जमनालाल. तिथे त्यांनी गांधीजींकडे एक चमत्कारिक मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा माना. गांधीजींना चार मुलं होती. ते चकित झाले, पण कबूल झाले. लहानपणी याला मोठ्यांनी न विचारता दत्तक दिलं होतं. या वेळी त्याने स्वतः बाप निवडला.

मुलगा व्हायचं म्हणजे किंमत मोजणं आलं. असहकाराच्या चळवळीत रायबहादुरी परत गेली. वकिली सोडणाऱ्यांची चूल पेटती राहावी म्हणून टिळक स्वराज्य फंडाला एक लाख रुपये दिले गेले. त्या काळी लाखाला काय मोल होतं हे वेगळं सांगायला नको. जानकीदेवींनी पडदा सोडला, दागिने उतरवले, घरातल्या परदेशी कापडाची होळी केली. नवऱ्याने सांगितलं म्हणून बायकोने दागिने उतरवले, यात तिच्या मनाचं काय, हा आजचा प्रश्न रास्त आहे. पण जानकीदेवींचं पुढचं आयुष्य बघितलं तर त्या नुसत्या मागे चालणाऱ्या बाई नव्हत्या हे कळतं. त्यांच्याकडे शेवटी येऊच.

१९२१ मध्येच जमनालाल यांच्या आग्रहामुळे वर्ध्याला सत्याग्रहाश्रमाची शाखा निघाली. ती चालवायला साबरमतीहून विनोबा भावे आले. विनोबा वयाने सहा वर्षांनी लहान, तरी जमनालाल त्यांना गुरू मानत. बाप गांधी, गुरू विनोबा, आणि दोघांच्या खर्चाची तजवीज करणारा स्वतः शिष्य. असं विचित्र कुटुंब वर्ध्याला जमू लागलं.

१९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल पुढारी होते. तुरुंग झाला, दंडही झाला. दंड भरला नाही म्हणून सरकारने त्यांची गाडी जप्त केली, तर नागपुरात तिच्यावर बोली लावायला माणूस मिळेना.

देवळाचा मालक कोण?

जमनालाल यांच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण परीक्षा मात्र सरकारने घेतली नाही, ती घरातून आली. वर्धा शहरात बच्छराजांनी बांधलेलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे. देऊळ घराण्याचं, पैसा घराण्याचा, विश्वस्त मंडळात शब्द घराण्याचा. आणि त्या देवळाची पायरी चढायची बंदी होती ती गावातल्या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना.

काळ लक्षात घ्या. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायलं होतं आणि त्याबद्दल सत्याग्रहींनी मार खाल्ला होता. डिसेंबरमध्ये तिथेच मनुस्मृती जाळली गेली. वर्ध्याला लागून असलेल्या अमरावती जिल्ह्यात त्याच वर्षी अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला होता. देऊळ, तळं, विहीर या गोष्टी कुणाच्या, हा प्रश्न रस्त्यावर आला होता, आणि तो रस्त्यावर आणणारे लोक स्वतः दलित होते.

अशा वेळी पैसेवाल्या सुधारकाकडे एक सोपी पळवाट असते. अस्पृश्यता वाईट आहे असं भाषण करायचं, एखाद्या वसतिगृहाला देणगी द्यायची आणि घरच्या देवळाचा विषय पुढे ढकलायचा. जमनालाल यांना ती वाट पुरली नाही. आपल्याच देवळाला कुलूप ठेवून दुसऱ्यांना काय सांगणार? पण एकट्याने हुकूम सोडून दार उघडायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. विश्वस्तांना पटवत बसले. एकेकाला भेटून, महिनोन्‌महिने. जातवाल्यांनी विरोध केला, कर्मठांनी केला, नातेवाइकांनीही केला.

अखेर जुलै १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. विनोबा पुढे होते. या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या गाभाऱ्यासमोर उभं राहून मूर्ती पाहिली. अशा तऱ्हेने सर्वांना खुलं झालेलं हे देशातलं पहिलं मोठं मंदिर, असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. पहिलं की दुसरं हा वाद अभ्यासकांवर सोडू. स्वतःच्या मालकीच्या देवळाची मालकी विश्वस्ताने आपणहून सैल केली, ही गोष्ट त्या काळात नवी होती एवढं नक्की.

त्याची शिक्षा म्हणून मारवाडी समाजातल्या सनातन्यांनी बहिष्काराचं हत्यार काढलं. ज्या समाजात लग्न, धंदा, उधारी सगळं जातीच्या विश्वासावर चालतं, तिथे बहिष्कार म्हणजे काय ते व्यापाऱ्यालाच कळतं. जमनालाल मागे हटले नाहीत. उलट आपल्या विहिरीही खुल्या केल्या. पुढे काँग्रेसने अस्पृश्यता निवारणासाठी समिती नेमली तेव्हा तिचे चिटणीस म्हणून ते गावोगाव फिरले आणि इतर देवळांच्या विश्वस्तांचे उंबरे झिजवले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वर्ध्याचं दार मालकाने आतून उघडलं. नाशिकला १९३० मध्ये काळाराम मंदिराचं दार दलितांनी बाहेरून ठोठावलं, वर्षानुवर्षं ठोठावलं, आणि ते उघडलं नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चांगल्या मालकाची मर्यादा दिसते. ज्या गावात जमनालाल नाहीत त्या गावाने काय करायचं? कुणाच्या मनाचा पालट होईपर्यंत किती पिढ्या थांबायचं? बाबासाहेबांनी पुढे हेच सांगितलं की मंदिरप्रवेशाने मूळ दुखणं जात नाही, शिक्षण, नोकऱ्या आणि सत्ता यांतूनच माणूस वर येतो. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी हिंदू धर्मच सोडण्याचा निर्धार जाहीर केला. जमनालाल यांच्या कामाचं मोल याने कमी होत नाही, पण त्यांच्या वाटेने किती लांब जाता येत होतं हे त्यातून कळतं.

मालगुजाराच्या गावात महात्मा

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईजवळ विलेपार्ल्याची छावणी जमनालाल यांनी उभी केली आणि पुन्हा तुरुंगात गेले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचनं देत होते, साने गुरुजी ती लिहून घेत होते, आणि ऐकणाऱ्या कैद्यांत जमनालाल होते. गीताप्रवचने हे पुस्तक आज घरोघरी आहे ते त्याच तुरुंगातलं.

स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवून निघालेल्या गांधीजींना नवं ठिकाण हवं होतं. जमनालाल यांनी त्यांना वर्ध्याला ओढून आणलं. त्यांनी दिलेल्या बागेत मगनवाडी उभी राहिली आणि १९३४ च्या डिसेंबरमध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले. याच गावाचं नाव पुढे सेवाग्राम झालं.

या शेगावचे मालगुजार होते खुद्द जमनालाल. मध्य प्रांतात गावाचा शेतसारा गोळा करून सरकारजमा करणाऱ्या जमीनदाराला मालगुजार म्हणत. शेगावात त्यांचा बारा आणे हिस्सा होता आणि गावची बरीच वस्ती दलितांची होती. म्हणजे जमीनमालक आणि कुळं यांच्यात प्रेमाने न्याय होऊ शकतो असं सांगणारा महात्मा आपल्याच शिष्याच्या मालगुजारीत येऊन राहिला. यावर टीका करणारे तेव्हाही होते. समाजवादी तरुणांना विश्वस्तपणाची ही कल्पना म्हणजे श्रीमंतांसाठी शिवलेली उबदार गोधडी वाटायची. शेठजी दान करतात, खादी घालतात, तुरुंगात जातात, ठीक. पण कारखाना आणि जमीन शेठजींचीच ना?

हा आक्षेप हवेतला नव्हता. जमनालाल यांचा व्यापार या सगळ्या काळात चालूच होता. १९३१ मध्ये उत्तरेत गोला गोकर्णनाथला साखर कारखाना निघाला. मोठ्या देणग्या यायच्या त्या याच उद्योगांतून. काँग्रेसचे खजिनदार म्हणून ते वर्षानुवर्षं सार्वजनिक पैशाचा काटेकोर हिशेब ठेवत आणि खाजगी धंद्यातही खोटेपणा नको म्हणून धडपडत. पण त्यांनी धंदा सोडला नाही.

आणि याचा त्रास सगळ्यात जास्त त्यांनाच होता. गांधीजींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार नंतर पुस्तकरूपाने आला. त्यात हा कोट्यधीश माणूस स्वतःच्या मनाचा पंचनामा करताना दिसतो. आपण दुर्बळ आहोत, वासना सुटत नाहीत, लोक समजतात तेवढे आपण चांगले नाही, असं तो पुन्हापुन्हा कळवतो. बाहेरून यशस्वी आणि आत बेचैन, अशी ही माणसाची जात आजही ओळखीची आहे. बहुतेक जण ती बेचैनी लपवतात. जमनालाल ती बापाला कळवत राहिले.

१९३८-३९ मध्ये जयपूर संस्थानात प्रजामंडळाच्या हक्कांसाठी त्यांनी लढा दिला आणि तिथेही कैद भोगली. १९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहातल्या तुरुंगवासातून बाहेर आले तेव्हा तब्येत खालावली होती. राजकारणातून मन उठलं होतं. गांधीजींशी बोलून त्यांनी उरलेलं आयुष्य गोसेवेला द्यायचं ठरवलं. वर्ध्याजवळ गोपुरीला ते एका झोपडीत राहायला गेले. बच्छराजांची हवेली ते गोपुरीची झोपडी हे अंतर जेमतेम काही मैलांचं, पण ते चालायला ३४ वर्षं लागली होती.

तिथे राहायला त्यांना काही महिनेच मिळाले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वर्ध्याला त्यांचं निधन झालं. वय ५२.

गांधीजींनी हरिजनमध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. श्रीमंतांनी विश्वस्त व्हावं असं जेव्हा जेव्हा आपण म्हटलं, तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः हाच माणूस होता, असं त्यांनी नोंदवलं. पण त्याला जोडून आणखी एक कबुली दिली, जी फारशी सांगितली जात नाही. जमनालाल यांचं विश्वस्तपण आदर्शापर्यंत पोचलं नसेल, तर दोष त्यांचा नाही. गांधीजींनीच त्यांना मुद्दाम आवरून धरलं होतं. उत्साहाच्या भरात त्यांनी असं पाऊल टाकू नये, ज्याचा पुढे शांतपणे विचार करताना पश्चात्ताप होईल, ही त्यामागची काळजी.

म्हणजे सतराव्या वर्षी सगळं सोडून निघालेल्या मुलाला आधी आजोबांनी परत आणलं आणि नंतर निवडलेल्या बापानेही सगळं सोडू दिलं नाही. गांधीजींचं ते आवरणं शहाणपणाचं होतं की चळवळीला पैसा लागतो या व्यवहाराचा त्यात वाटा होता, यावर दोन मतं होऊ शकतात. एखाद्याने सगळं देऊन टाकलं असतं तर मगनवाडी, महिलाश्रम, सेवाग्राम यांचा खर्च कुठून चालला असता, हाही प्रश्न आहेच.

राहिल्या जानकीदेवी. पती गेल्यावर दुःखाच्या भरात त्यांनी सती जाण्याची इच्छा बोलून दाखवली. गांधीजींनी त्यांना त्यापासून परावृत्त केलं आणि जळायचंच असेल तर स्वतःतले दोष जाळून पतीचं काम हाती घ्या, असं सुचवलं. जानकीदेवींनी आपल्या नावावरची संपत्ती गोसेवेला देऊन टाकली. म्हणजे जे पाऊल नवऱ्याला टाकू दिलं नव्हतं, ते त्यांनी टाकलं.

पुढे विनोबांच्या भूदान यात्रा सुरू झाल्या, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या जानकीदेवी त्यातही उतरल्या. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. १९७९ मध्ये त्या वारल्या. भूदानात लोक जमिनी द्यायचे, पण पाण्यावाचून कोरडी जमीन मिळून भूमिहीनाने करायचं काय, म्हणून जानकीदेवी गावोगाव फिरून लोकांकडे कूपदान मागायच्या. जमीन नको, पैसे नकोत, एक विहीर द्या.